‘एक अभ्यास’ म्हणजे नेमकं काय? डाउनलोड, संगीत उद्योग आणि संशोधनाचा प्रश्न

‘डिजिटल तंत्रज्ञानाचा संगीत उद्योगावर झालेला परिणाम : एक अभ्यास’

अशा धाटणीचं शीर्षक तुम्ही एखाद्या सिनॉप्सिसवर नक्की पाहिलं असेल. कदाचित तुमच्या स्वतःच्या वहीतही असेल. पेट झाली, गाईड मिळाले, आता विषय द्यायचा आहे. आणि विषय असा हवा की त्यात सगळं मावेल, म्हणजे पुढे अडचण नको. हे शीर्षक चुकीचं नाही. फक्त त्यात प्रश्न नाही. ‘परिणाम’ म्हणजे कशावर? कोणाच्या तुलनेत? कोणत्या काळात? हे ठरलेलं नसेल तर तीन वर्षांनी तुमच्या हातात माहितीचा ढीग असतो, पण उत्तर नसतं. कारण मुळात काही विचारलेलंच नव्हतं.

म्हणून आज याच विषयावर झालेलं खरं संशोधन घेऊन बघू. संगीत आणि डिजिटल तंत्रज्ञान या विषयात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक प्रश्न फार गाजला: फुकट डाउनलोडमुळे गाण्यांची विक्री घटली का? ऐकायला अगदी सोपा. पण नावाजलेल्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याची वेगवेगळी उत्तरं दिली. ती वेगवेगळी का आली हे एकदा समजलं, की तुमच्या विषयात, तो संगीताचा असो, शेतीचा असो की शिक्षणाचा, प्रश्न कसा विचारायचा याचा अंदाज येईल.

आधी थोडा हिशोब

सीडी बाजारात आली १९८२ साली. सीडीवर आवाज साठवताना दर सेकंदाला ४४,१०० वेळा त्याचं मोजमाप घेतात. प्रत्येक मोजमापाला १६ बिट लागतात, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल असतात. गुणाकार करा: ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट, एका सेकंदाला. म्हणजे तीन मिनिटांचं गाणं साधारण ३२ एमबी.

आता १९९० च्या दशकातला फोनलाइनवर चालणारा ५६ केबीपीएसचा मॉडेम आठवा (किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा). तो पूर्ण वेगाने चालला असं मानलं तरी हे एक गाणं उतरवायला सव्वा तास लागतो. एवढा वेळ कोण बसणार? रेकॉर्ड कंपन्यांचं संरक्षण कायद्याइतकंच फाइलच्या या आकाराने केलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

हे संरक्षण काढून घेतलं एमपीथ्रीने. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तंत्रावर अनेक वर्षं काम केलं होतं. कल्पना अशी: माणसाच्या कानाला सगळं ऐकू येत नाही. ढोल वाजत असताना शेजारी कोणी कुजबुजलं तर ते आपल्याला कळत नाही. मग जो आवाज दुसऱ्या आवाजाखाली झाकला जाणारच आहे, त्यावर बिट खर्च का करायचे? तो भाग कमी तपशिलात साठवायचा किंवा सोडूनच द्यायचा. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीमध्ये तेच तीन मिनिटांचं गाणं तीन एमबीच्या आत बसतं. सव्वा तासाचं काम सात मिनिटांवर आलं.

जून १९९९ मध्ये शॉन फॅनिंगने नॅप्स्टर सुरू केलं. लोक आपापल्या संगणकातली गाणी थेट एकमेकांना देऊ लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रेकॉर्ड कंपन्या कोर्टात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये नॅप्स्टरची सेवा थांबली. पण तोवर तसल्याच दुसऱ्या सेवा उभ्या राहिल्या होत्या.

एक आलेख, आणि त्यावरून उडी

अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेचे, म्हणजे आरआयएएचे, आकडे बघा. १९९९ मध्ये तिथे ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल सुमारे १४.६ अब्ज डॉलर होती. २०१४ पर्यंत ती सात अब्जांच्या खाली आली. महागाई धरली तर घसरण आणखी मोठी. आणि १९९९ म्हणजे बरोबर नॅप्स्टरचं वर्ष!

इथे आपला हात आपोआप निष्कर्ष लिहायला जातो. कंपन्यांनीही तोच काढला. सप्टेंबर २००३ मध्ये आरआयएएने २६१ सामान्य वापरकर्त्यांवर खटले भरले आणि पुढच्या काही वर्षांत ही संख्या हजारोंच्या घरात गेली. त्यात विद्यार्थी होते, मुलांचे पालक होते. म्हणजे ‘डाउनलोडने विक्री घटते का’ हा प्रश्न फक्त जर्नलमधला नव्हता. त्याच्या उत्तरावर लोकांचे पैसे, कंपन्यांतल्या नोकऱ्या आणि कायद्याची दिशा अवलंबून होती.

पण आलेख काय सांगतो? दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, एवढंच. त्याच काळात आणखी काय काय झालं ते मांडून बघा:

– २००१ मध्ये अमेरिकेत मंदी आली.
– डीव्हीडी, व्हिडिओ गेम आणि मोबाईल आले. तरुणांच्या खिशातला तोच पैसा आता वाटला जाऊ लागला.
– जुन्या तबकड्या आणि कॅसेट बाजूला ठेवून तेच अल्बम पुन्हा सीडीवर घेण्याची लाट ओसरत आली होती.
– एप्रिल २००३ मध्ये ॲपलचं आयट्यून्स स्टोअर उघडलं. एक गाणं ९९ सेंटला. एका आवडत्या गाण्यासाठी अख्खा अल्बम घ्यायची गरज संपली.

शेवटचा मुद्दा नीट बघा. समजा पायरसी अजिबात नसती आणि सगळे लोक प्रामाणिकपणे पैसे देऊनच गाणी घेत असते. तरीही बारा गाण्यांच्या अल्बमऐवजी एकच गाणं विकलं गेलं की उलाढाल घटतेच. मग घसरणीतला किती वाटा पायरसीचा आणि किती सुटं गाणं विकण्याचा? आलेखाला हे सांगता येत नाही.

जे घडलंच नाही त्याच्याशी तुलना

प्रयोगशाळेत आम्ही दोन नमुने ठेवतो. एकात रसायन घालतो, दुसऱ्यात नाही. बाकी सगळं सारखं. फरक दिसला तर तो रसायनाचा. संगीत उद्योगात ‘नॅप्स्टर न आलेली अमेरिका’ नावाचा दुसरा नमुना कुठून आणायचा? जे घडलं त्याची तुलना, जे घडू शकलं असतं पण घडलं नाही, त्याच्याशी करायची आहे. इंग्रजी पुस्तकांत याला काउंटरफॅक्च्युअल म्हणतात. शब्द जड आहे. ‘तसं झालं नसतं तर?’ एवढाच त्याचा अर्थ.

तुम्ही म्हणाल, अल्बमनिहाय आकडे घेऊ. जो अल्बम जास्त डाउनलोड झाला तो कमी विकला गेला का, ते बघू. बघितलं तर उलटंच दिसतं: जास्त डाउनलोड झालेले अल्बम जास्त विकलेही जातात. मग डाउनलोडमुळे विक्री वाढते असं म्हणायचं का?

उन्हाळ्यातल्या टँकरचं उदाहरण घ्या. ज्या गावात जास्त टँकर जातात त्या गावात पाणीटंचाई जास्त असते. आकडेवारी अगदी पक्की. म्हणून टँकरमुळे टंचाई होते असं आपण म्हणत नाही, कारण आपल्याला गाव माहीत असतं, आटलेल्या विहिरी माहीत असतात. अल्बमच्या बाबतीत ही आटलेली विहीर म्हणजे लोकप्रियता. गाणं लोकांना आवडलं की ते डाउनलोडही होतं आणि विकलंही जातं. दोन्हींच्या मागे तिसरंच कारण आहे आणि ते आपल्या तक्त्यात कुठल्याच रकान्यात नाही.

जर्मन शाळांच्या सुट्ट्या

या अडचणीतून वाट काढण्याचा गाजलेला प्रयत्न फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ यांचा. त्यांच्या पेपरचा मसुदा २००४ मध्ये आला आणि अंतिम रूपात तो २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त छापून आला. २००२ च्या शेवटच्या सतरा आठवड्यांत फाइल-शेअरिंगच्या सर्व्हरवर प्रत्यक्ष झालेल्या डाउनलोडच्या नोंदी त्यांनी मिळवल्या आणि ६८० अल्बमच्या अमेरिकेतल्या विक्रीशी त्या जोडल्या.

त्यांना हवं होतं असं काहीतरी, जे डाउनलोड वाढवेल किंवा घटवेल, पण अल्बमच्या लोकप्रियतेशी ज्याचा काहीही संबंध नसेल. त्यांना सापडल्या जर्मनीतल्या शाळांच्या सुट्ट्या!

कशा? अमेरिकेतले लोक ज्या फाइल उतरवत, त्यांतल्या साधारण सहापैकी एक जर्मनीतल्या कोणाच्या तरी संगणकावरून येत असे. जर्मन मुलांना सुट्टी लागली की ती घरी असतात, संगणक जास्त वेळ चालू असतात, म्हणजे फाइल जास्त उपलब्ध होतात आणि अमेरिकेतल्या माणसाला डाउनलोड करणं सोपं जातं. आणि जर्मनीत सुट्टी आहे म्हणून ओहायोतला माणूस सीडी जास्त किंवा कमी विकत घेईल, असं व्हायचं काही कारण नाही.

अशा घटकाला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल म्हणतात. नेटच्या तयारीत तुम्ही ही व्याख्या पाठ केली असेल. पाठ करण्याऐवजी दोन अटी लक्षात ठेवा. एक, त्या घटकाने तुमच्या ‘कारणा’ला खरोखर हलवलं पाहिजे. दोन, ‘परिणामा’पर्यंत पोहोचायला त्याच्याकडे दुसरी कुठलीही वाट नसली पाहिजे. पहिली अट आकड्यांनी तपासता येते. दुसरी मात्र विषयाची जाण ठेवून, युक्तिवादानेच पटवावी लागते. व्हायव्हात प्रश्न येतात ते बहुतेक दुसऱ्या अटीवर.

त्यांचं उत्तर: डाउनलोडचा विक्रीवरचा परिणाम शून्यापेक्षा वेगळा आहे असं संख्याशास्त्रीय दृष्टीने म्हणता येत नाही.

साहजिकच खळबळ उडाली आणि टीकाही झाली. स्टॅन लीबोविट्झ हे त्यांतले सर्वांत चिकाटीचे टीकाकार. मुख्य आक्षेप समजून घेण्यासारखे आहेत. पहिला: अमेरिकेत उपलब्ध असलेल्या एकूण फाइलींच्या मानाने जर्मन मुलांच्या सुट्टीचा धक्का कितीसा मोठा? म्हणजे पहिल्या अटीवरच बोट. दुसरा: अल्बम-अल्बममध्ये तुलना करून सगळ्या बाजाराबद्दल बोलता येतं का? एखाद्याने एक अल्बम फुकट ऐकला, आवडला आणि विकत घेतला. पण त्याच महिन्यात दुसरे दोन घेतले नाहीत, तर अल्बमनिहाय हिशोबात फायदा दिसेल आणि बाजाराचं मात्र नुकसान झालेलं असेल. तिसरा: डाउनलोडचा मूळ डेटा इतर संशोधकांना तपासायला खुला नव्हता. या वादावरचे पेपर पुढे दहाएक वर्षं निघत होते.

मग दुसरी उत्तरं कुठून आली?

२००६ मध्ये ‘जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स’मध्ये दोन पेपर आले. अलेहांद्रो झेंटनर यांनी युरोपातल्या सात देशांतल्या ग्राहकांच्या ऑक्टोबर २००१ च्या सर्वेक्षणाचा डेटा घेतला. इथे एकक अल्बम नाही, माणूस आहे. त्यांचा निष्कर्ष: फाइल-शेअरिंग वापरणाऱ्या माणसाची संगीत विकत घेण्याची शक्यता त्यामुळे ३० टक्क्यांनी घटते. लोकप्रियतेची अडचण इथेही आहेच, फक्त वेगळ्या रूपात: ज्याला संगीताचं वेड आहे तो डाउनलोडही करतो आणि विकतही घेतो. त्यातून सुटायला त्यांनी माणसाचं इंटरनेटवरचं कौशल्य आणि जोडणीचा वेग यांचा इन्स्ट्रुमेंट म्हणून वापर केला. आता दुसरी अट इथे तुम्हीच तपासून बघा. वेगवान इंटरनेट घेणारा माणूस इतर बाबतीतही वेगळा असू शकतो का? त्याचं वय, त्याची मिळकत?

दुसरा पेपर राफाएल रॉब आणि जोएल वाल्डफोगेल यांचा, कॉलेज विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणावर. त्यांना दिसलं की एक अल्बम डाउनलोड झाला की खरेदी सुमारे ०.२ अल्बमने घटते. म्हणजे पाच डाउनलोडमागे एक बुडालेली विक्री. ‘प्रत्येक डाउनलोड म्हणजे एक चोरलेली सीडी’ हा कंपन्यांचा हिशोब यात बसत नाही आणि ‘काहीच नुकसान नाही’ हाही बसत नाही.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट मोजली, जी इतर कोणी फारशी मोजत नव्हतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, हा अल्बम तुमच्या लेखी किती डॉलरचा? त्यावरून हिशोब असा निघाला: १९९९ ते २००३ मधल्या गाजलेल्या अल्बमवर दरडोई खर्च १२६ डॉलरवरून १०० वर आला, पण श्रोत्यांचा फायदा दरडोई ७० डॉलरने वाढला. कंपनीने २६ गमावले, श्रोत्याने ७० कमावले. हे बरं की वाईट? ते तुम्ही कोणाच्या खुर्चीत बसून बघता यावर अवलंबून आहे. आणि नेमकी हीच गोष्ट ‘संगीत उद्योगावर परिणाम’ या शीर्षकात दडून राहते. उद्योग म्हणजे कोण? कंपनी, गायक, वादक, दुकानदार की श्रोता?

तेव्हा तीन पेपर, तीन उत्तरं. एकाने अल्बम मोजले, दुसऱ्याने युरोपातली माणसं, तिसऱ्याने अमेरिकेतले विद्यार्थी. साहित्याचा आढावा लिहिताना आपण ‘अमुक यांना परिणाम आढळला, तमुक यांना आढळला नाही’ अशी ओळीने वाक्यं लिहितो. त्याऐवजी प्रत्येक पेपरसमोर चार रकाने करा: एकक काय, काळ कोणता, तुलना कोणाशी, आणि त्या तुलनेतली कमकुवत जागा कुठली. बऱ्याचदा परस्परविरोधी वाटणारी उत्तरं ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं असतात.

प्रश्नच बदलला

काही वर्षांनी संशोधक वेगळंच विचारू लागले. विक्री घटली, ठीक. पण कायदा कॉपीराइट कशासाठी देतो? नवं, चांगलं संगीत तयार होत राहावं म्हणून. मग ते तयार व्हायचं थांबलं का? वाल्डफोगेल यांनी २०१२ च्या पेपरमध्ये समीक्षकांनी केलेल्या सर्वोत्तम अल्बमच्या याद्या आणि लोक कोणत्या वर्षीची गाणी पुढेही ऐकत-घेत राहतात याची आकडेवारी वापरून दर्जाचा निर्देशांक बांधला. नॅप्स्टरनंतर दर्जा घसरल्याचं त्यात दिसलं नाही. त्यांचं स्पष्टीकरण असं की त्याच डिजिटल तंत्राने ध्वनिमुद्रण, वितरण आणि प्रसिद्धी हे सगळं स्वस्त केलं. पैसा कमी झाला, पण गाणं बाजारात आणायचा खर्चही कमी झाला.

त्याच वर्षी ज्युली मॉर्टिमर, क्रिस नॉस्को आणि ॲलन सोरेनसन यांनी मैफिलींचा हिशोब मांडला. फाइल-शेअरिंगने अल्बमची विक्री घटली, पण छोट्या कलाकारांचं कार्यक्रमांतून मिळणारं उत्पन्न वाढलं. मोठ्या कलाकारांच्या बाबतीत तसा फरक नगण्य होता. कारण उघड आहे: मोठ्यांना सगळे ओळखतातच, छोट्यांची ओळख फुकटच्या गाण्याने झाली.

स्ट्रीमिंग: १३७ चा आकडा

आणि उद्योग? तो खटल्यांतून हळूहळू बाहेर आला आणि गाणं विकण्याऐवजी ऐकण्याची परवानगी विकू लागला. स्पॉटिफाय २००८ मध्ये युरोपात सुरू झालं, २०११ मध्ये अमेरिकेत गेलं, फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं. जागतिक संघटना आयएफपीआयच्या मते २०२४ मध्ये ध्वनिमुद्रित संगीताचं जगभरातलं उत्पन्न २९.६ अब्ज डॉलर होतं आणि त्यातला सुमारे ६९ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा होता.

पण तोच जुना प्रश्न नव्या कपड्यांत परत आला: स्ट्रीमिंगने गाण्यांची विक्री खाल्ली का? लुईस अगियार आणि वाल्डफोगेल यांनी २०१५ च्या अभ्यासात उत्तर दिलं: दर १३७ स्ट्रीममागे एका गाण्याची विक्री कमी होते. पुढचा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. त्यांनी धरलेले दर: एका विक्रीमागे उद्योगाला ०.८२ डॉलर, एका स्ट्रीममागे ०.००७ डॉलर. १३७ × ०.००७ = ०.९६. गेले ०.८२, आले ०.९६. दरांत आणि अंदाजांत असणारी चूकभूल धरून त्यांनी निष्कर्ष काढला की उद्योगासाठी हे जवळपास बरोबरीत सुटतं. शिवाय स्ट्रीमिंगमुळे पायरसी कमी झाल्याचंही त्यांना दिसलं.

इथे पुन्हा विचारा: बरोबरीत, पण कोणासाठी? ‘उद्योगा’साठी. गायकासाठी ते वेगळंच असू शकतं, कारण स्ट्रीमिंगचे पैसे साधारणपणे एका हौदात जमा होतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. एक छोटं उदाहरण बघू. दोन श्रोते, दोघांची वर्गणी शंभर-शंभर रुपये. कंपनीचा वाटा सोपेपणासाठी बाजूला ठेवू. पहिला महिन्यात ९० वेळा एका मोठ्या गायकाचं गाणं लावतो. दुसरी फक्त १० वेळा ऐकते, आणि तीही एकाच लोकगायिकेला. हौदात २०० रुपये, ऐकणं १०० वेळा. लोकगायिकेला १० टक्के, म्हणजे २० रुपये. दुसऱ्या श्रोतीने दिलेल्या शंभरातले ८० रुपये जिला तिने कधी ऐकलंच नाही अशा गायकाकडे गेले.

प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांतच वाटले असते तर लोकगायिकेला १०० मिळाले असते. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये काही कलाकारांसाठी अशी पद्धत सुरू केली. हौदाची पद्धत वाईट आणि दुसरी चांगली, असा याचा अर्थ नाही. ९० वेळा ऐकणारा आणि १० वेळा ऐकणारी यांनी कोणाला किती द्यावं, हा न्याय्यतेचा प्रश्न आहे. आकडे तो सोडवत नाहीत, फक्त स्पष्ट करतात. पण बघा, एकूण रक्कम तीच राहून एका कलाकाराचं उत्पन्न पाचपट बदललं. ‘उद्योगावर परिणाम शून्य’ या वाक्यात हे दिसलंच नसतं.

आता तुमची सिनॉप्सिस

भारतात यावर काम करायचं असेल तर तुलना कुठे शोधायची? मी तीन जागा सांगते आणि प्रत्येकीतली खोचही सांगते.

पहिली, जिओ. ५ सप्टेंबर २०१६ ला सेवा सुरू झाली आणि सुरुवातीचे काही महिने डेटा मोफत होता. मोठा धक्का, तारीख नक्की. वाटतं की आधी आणि नंतरची तुलना केली की झालं. पण दोनच महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, नोटाबंदी झाली. गावोगावी रोखीत मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकानं बसली ती जिओमुळे की नोटा नसल्यामुळे? फक्त आधी-नंतर पाहून हे सुटणार नाही. ज्या भागात जिओचं नेटवर्क आधी पोहोचलं आणि जिथे उशिरा, अशी तुलना लागेल. आणि नेटवर्क आधी कुठे पोहोचतं, यालाही काही कारणं असतातच.

दुसरी, जून २०२० च्या शेवटी भारतात आलेली टिकटॉकवरची बंदी. रातोरात झाली, कलाकारांच्या हातात काही नव्हतं. धक्का म्हणून चांगलाच. पण तेव्हा कोविडचे निर्बंध चालू होते आणि लगेच जुलैमध्ये इन्स्टाग्रामचे रील्स आले.

तिसरी माझ्या मते सगळ्यात स्वच्छ, पण भारताबाहेरची. युनिव्हर्सल म्युझिक आणि टिकटॉक यांचा करार ३१ जानेवारी २०२४ ला संपला आणि युनिव्हर्सलची गाणी टिकटॉकवरून काढली गेली. मेच्या सुरुवातीला नवा करार झाला. म्हणजे काही महिने एका कंपनीची गाणी नाहीत आणि बाकीच्यांची आहेत. नियंत्रण गट आयता मिळाला! तरी खोच आहे. युनिव्हर्सलची गाणी नाहीत म्हणून लोकांनी दुसऱ्या कंपन्यांची जास्त वापरली असतील, तर तुमचा नियंत्रण गटही जागचा हलला. प्रयोगशाळेत एका नळीतलं रसायन दुसऱ्या नळीत सांडण्यासारखंच हे.

तिन्ही ठिकाणी डेटा कोणाकडे आहे, तो तुम्हाला मिळेल का, आणि तुमच्यानंतर दुसऱ्या कोणाला तपासता येईल का, हेही आधीच विचारा. सिनॉप्सिस मंजूर झाल्यावर ‘कंपनीने डेटा दिला नाही’ असं कळणं फार महागात पडतं.

तर गाईडकडे जाण्यापूर्वी एक कागद घ्या आणि शीर्षक बाजूला ठेवून चार ओळी लिहा. कशाचा परिणाम? कोणावर? कोणाच्या तुलनेत? आणि ती तुलना कुठे फसू शकते? उदाहरणार्थ: ‘२०२४ मध्ये युनिव्हर्सलची गाणी टिकटॉकवर नसताना, त्या कंपनीच्या नव्या कलाकारांचं स्ट्रीमिंग इतर कंपन्यांच्या तशाच कलाकारांच्या तुलनेत घटलं का?’ हे ‘एक अभ्यास’पेक्षा लांब आहे, दिसायला लहान विषय वाटतो, आणि समितीतलं कोणीतरी ‘एवढंच?’ असं विचारेलही. तेव्हा जर्मन शाळांच्या सुट्ट्यांवरचा तो पेपर सांगा. सतरा आठवडे आणि ६८० अल्बम, एवढाच त्याचा आवाका होता. आणि त्यावर लोक दहा वर्षं भांडले.